पुण्याने जे नंतर केले, ते नाशिकने आधी करावे

पुण्यात विद्यापीठाच्या दारात एक उड्डाणपूल होता. औंध, बाणेर आणि पाषाण या तिन्ही बाजूंची वाहतूक गणेशखिंड रस्त्याच्या तोंडाशी तुंबते, म्हणून तो बांधला गेला होता. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे रस्ते रिकामे असताना तो पाडण्यात आला. पूल खचला नव्हता आणि त्याचे आयुष्यही संपले नव्हते. जेमतेम दीड दशक तो वापरात होता. हिंजवडीहून शिवाजीनगरकडे येणाऱ्या मेट्रोला त्या चौकातून वाट काढायला जागा उरली नव्हती, एवढेच त्याचे कारण. मग त्याच जागी वाहने आणि मेट्रो दोन्ही सामावतील असा दुमजली पूल उभारायला घेतला गेला, आणि त्याचा पहिला भाग २०२५ मध्ये खुला होईपर्यंत त्या चौकातून जाणाऱ्या प्रत्येकाने, त्यात रुग्णवाहिकाही आल्या, रोजचा खोळंबा सोसला.

या एका चौकासाठी सार्वजनिक पैसा तीनदा खर्च झाला: पूल बांधायला, पाडायला आणि पुन्हा बांधायला. मी नाशिकला राहतो, कामानिमित्त वर्षानुवर्षे पुण्याला जातो, आणि आमच्या शहराने पुण्याकडून काय घ्यावे असा विषय निघाला की मला सर्वांत आधी हा पूल आठवतो. पुण्याने बससेवा चालवली, मेट्रो आणली, उड्डाणपूल बांधले, विकास आराखडे केले, आसपासची गावे हद्दीत घेतली. करायच्या बहुतेक गोष्टी त्या शहराने केल्या, परंतु कशाच्या आधी काय करायचे हा क्रम पुष्कळदा चुकला, आणि चुकलेला क्रम दुरुस्त करणे हे मूळ कामापेक्षा कितीतरी महाग पडले. हा क्रम म्हणजे नेमके काय, तो चुकला की खर्च का वाढतो आणि नाशिकपुरता तो कसा लावता येईल, हे सोपे करून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

सुरुवात दोन आकड्यांपासून करावी लागेल. १९९१ च्या जनगणनेत पुणे महापालिका क्षेत्राची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या थोडी वर होती. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार भरली. म्हणजे १९९१ मध्ये पुणे ज्या पायरीवर उभे होते, साधारण त्याच पायरीवर नाशिक २०११ मध्ये आले. त्यानंतरच्या २० वर्षांत पुण्याची लोकसंख्या दुप्पट होऊन ३१ लाखांवर गेली. त्यात नव्याने समाविष्ट झालेल्या गावांचाही वाटा होता. २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे अद्याप हाती नाहीत, त्यामुळे नाशिक आज नेमके कुठे आहे हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. तरीही गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव, म्हसरूळ या बाजूंना एक फेरफटका मारला, तर शहर त्याच जिन्याने वर चढते आहे हे कोणाच्याही लक्षात येईल. त्यामुळे पुण्याची १९९१ ते २०११ ही वीस वर्षे नाशिककरांनी बारकाईने वाचायला हवीत, कारण त्या वर्षांत घेतलेले आणि न घेतलेले निर्णय आजच्या पुण्याच्या रस्त्यांवर उभे आहेत.

त्या वीस वर्षांत पुण्यात जे सर्वांत मोठे स्थित्यंतर झाले ते दुचाकीचे. सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाणारे पुणे दुचाकींचे झाले, आणि २०१८ मध्ये तर शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या लोकसंख्येच्या अंदाजापेक्षाही पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. हे पुणेकरांच्या हौसेमुळे घडले असे मानणे अन्यायाचे होईल. कात्रजला राहणाऱ्या आणि कामासाठी भोसरीला जाणाऱ्या माणसाला त्या काळात आधी पुण्याच्या बसने आणि मग पिंपरी-चिंचवडच्या बसने जावे लागे, कारण दोन्ही शहरांच्या परिवहन सेवा वेगळ्या होत्या. त्या एकत्र येऊन पीएमपीएमएल ही एकच कंपनी झाली ती २००७ मध्ये. बससाठी रस्त्याच्या मधोमध राखीव मार्गिका ठेवणारी बीआरटी कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर २००६ च्या अखेरीस सुरू झाली. मेट्रोला केंद्राची मंजुरी २०१६ मध्ये मिळाली आणि तिचे पहिले टप्पे ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाले. तोवर घराघरांत गाडी येऊन गेली होती.

इथे क्रमाचे गणित समजून घ्यायला हवे. ज्याच्याकडे गाडी नाही तो माणूस बसभाड्याची तुलना रिक्षाच्या भाड्याशी करतो, आणि त्या तुलनेत बस स्वस्त ठरते. त्याने कर्ज काढून दुचाकी घेतली की हप्ता, विमा आणि देखभाल हे खर्च तो वापरो वा न वापरो, व्हायचेच असतात. मग रोज सकाळी बसच्या तिकिटाची तुलना होते ती फक्त पेट्रोलशी. नवरा-बायको दोघे एका गाडीवर निघाले, तर बस महागच वाटते. म्हणून गाडी घेण्याच्या आधी माणसाला चांगली बस मिळाली तर तो बसचा राहतो, आणि गाडी घेतल्यानंतर मिळाली तर त्याला परत आणण्यासाठी त्याच बससेवेवर कैकपट खर्च करावा लागतो. पुणे आज हा कैकपट खर्च करते आहे. बीआरटीच्या बाबतीत तर तो खर्चही फळाला आला नाही: मार्गिका सलग नव्हत्या, चौकाचौकांत त्यांचा धागा तुटत होता, इतर वाहने त्यात घुसत होती, मधल्या थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून जाणे जिवावर बेतत होते, आणि अखेर नगर रस्त्यावरच्यासारख्या काही मार्गिका उखडून टाकाव्या लागल्या.

नाशिकमध्ये शहर बससेवा पूर्वी एसटी महामंडळ चालवत असे. जुलै २०२१ पासून महापालिकेच्या कंपनीने सिटीलिंक या नावाने ती स्वतःकडे घेतली, आणि हा निर्णय योग्यच होता. या सेवेत बस ठेकेदाराच्या असतात आणि त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. बसमध्ये पाच प्रवासी असोत की पन्नास, महापालिकेला तेवढे पैसे मोजावेच लागतात. त्यातून जी तूट येते तिचा आकडा दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतो आणि मग तोट्यातले मार्ग बंद करा अशी मागणी होते. वाहकांचे पगार थकल्यामुळे बस आगारातच उभ्या राहिल्याचे प्रसंगही आपण अनेकदा पाहिले. माझे स्पष्ट मत असे आहे की या तुटीकडे पाणीपुरवठ्याच्या किंवा पथदिव्यांच्या खर्चासारखे पाहायला हवे. रस्त्यावरचा दिवा नफ्यात चालावा अशी अपेक्षा आपण करत नाही.

नागरी वाहतुकीच्या नियोजनात लाख लोकसंख्येमागे ५० ते ६० बस असा ढोबळ मापदंड धरतात. १५ लाखांचे शहर धरले तरी साडेसातशे ते नऊशे बस होतात. सिटीलिंकच्या ताफ्यात साधारण अडीचशे आहेत. केंद्राच्या २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या 'मेट्रो निओ'साठी, म्हणजे रबरी चाकांवर उन्नत मार्गावरून धावणाऱ्या विजेच्या गाड्यांसाठी, २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली होती. शहरभर आनंद झाला, जागांच्या जाहिरातींत 'मेट्रो स्थानकापासून पाच मिनिटे' असे छापून आले, आणि योजना कागदावरच राहिली. मेट्रो केव्हा ना केव्हा येईलही, पण तिची वाट पाहण्यात बस वाढवण्याची दहा वर्षे गेली, तर पुण्याचा क्रम आपण जसाच्या तसा गिरवला असे होईल.

बसला जोडून येतो पायी चालणारा माणूस, कारण प्रत्येक बसप्रवास पायी सुरू होतो आणि पायी संपतो. पुण्याचा जंगली महाराज रस्ता यासाठी पाहण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात रेकॉन्डो कंपनीने तो बांधला आणि त्यावर दहा वर्षांची हमी दिली. पुढे काही दशके त्याला खड्डा पडला नाही, ही गोष्ट पुण्यात अजूनही अभिमानाने सांगितली जाते. याच रस्त्यावर महापालिकेने पुढे गाड्यांसाठीची जागा आवरती घेऊन रुंद पदपथ केले, बाके ठेवली, झाडे पदपथात सामावून घेतली. आज संध्याकाळी तिथे आजी-आजोबा, कडेवर मूल घेतलेली आई आणि चाकाच्या खुर्चीतला माणूस असे सगळे निवांत चालताना दिसतात. आता नाशिकच्या द्वारका चौकात या. मुंबई–आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे मिळतात तिथे पादचाऱ्यांसाठी भुयारी मार्ग बांधलेला आहे, आणि तो जवळजवळ वापराविना पडून राहिला आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली बाई जिने उतरून अंधारात जाण्यापेक्षा ट्रकच्या समोरून हात दाखवत रस्ता ओलांडणे पसंत करते, हे मी तिथे उभा राहून कितीदा तरी पाहिले आहे. तिला बेशिस्त म्हणणे सोपे आहे. ज्याने नकाशावर तो मार्ग आखला त्याने आधी तासभर त्या चौकात उभे राहून लोक कुठून कुठे जातात हे पाहिले असते, तर ते पैसे जमिनीवरच्या सुरक्षित ओलांडणीवर आणि सिग्नलच्या वेळेवर खर्च झाले असते.

यापुढचा विषय जमिनीचा आहे, आणि तो थोडा किचकट असला तरी सगळ्याचे मूळ त्यातच आहे. महाराष्ट्रात शहरांचे नियोजन १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार होते. महापालिका विकास आराखडा करते. त्यात रस्ते, शाळा, उद्याने, दवाखाने यांच्यासाठी खासगी जमिनींवर आरक्षणे टाकते. आरक्षण टाकले म्हणजे जमीन महापालिकेची झाली असे नव्हे. ती विकत घ्यावी लागते, किंवा मालकाला पैशांऐवजी दुसरीकडे बांधता येणारे जादा चटई क्षेत्र द्यावे लागते, ज्याला आपण टीडीआर म्हणतो. दहा वर्षांत यांपैकी काहीच झाले नाही, तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप संपते. म्हणजे आराखड्यातल्या हिरव्या-पिवळ्या रंगांना मुदत असते. दुधाच्या पिशवीवर जशी तारीख असते, तशीच.

पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहराच्या आतून फिरणारा, सुमारे ३६ किलोमीटरचा, केवळ जलद सार्वजनिक वाहतुकीसाठी राखलेला एक वर्तुळाकार मार्ग दाखवला होता. एचसीएमटीआर या नावाने पुणेकर तो ओळखतात. तेव्हा त्या मार्गाच्या पट्ट्यात बरीच मोकळी जमीन होती. तीन दशकांनंतर त्याच्या निविदा निघाल्या तेव्हा खर्च इतका फुगला होता की काम पुढे सरकले नाही. मधल्या काळात त्या पट्ट्यात घरे झाली, दुकाने झाली, जमिनीचे भाव आकाशाला भिडले. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने शहरी भागात बाजारभावाच्या दुप्पट आणि ग्रामीण भागात चौपटीपर्यंत मोबदला देय ठरवला, आणि ज्याची जमीन जाते त्याच्या बाजूने पाहता ते न्याय्यही आहे. पण याचा साधा अर्थ असा की ज्या महापालिकेने वेळेत जमीन घेतली नाही, तिने पुढच्या पिढीच्या डोक्यावर चढ्या व्याजाचे कर्ज ठेवले.

याच पुण्यात जमीन आधी आणि बांधकाम नंतर या क्रमाची दोन उत्तम उदाहरणे आहेत. पहिले जुने आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याखाली भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगर भागात, नगररचना योजना राबवली गेली. या पद्धतीत अनेक मालकांच्या वेड्यावाकड्या जमिनी कागदावर एकत्र करतात, त्यातून रस्ते आणि मोकळ्या जागा आधी कापून घेतात, आणि उरलेली जमीन चौकोनी भूखंडांच्या रूपात त्याच मालकांना परत देतात. जमीन कमी होते, पण रस्त्यावरचा नेटका भूखंड मिळाल्याने तिचे मोल वाढते. जुन्या पेठांतून डेक्कनच्या बाजूला आलेल्या माणसाला एकदम मोकळे वाटते, त्यामागे अशा नियोजनाचा मोठा हात आहे. दुसरे उदाहरण मगरपट्ट्याचे. हडपसरजवळच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्याने न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भाग घेतले. रस्ते, बाग, सांडपाणी यांची आखणी आधी झाली, इमारती नंतर आल्या, आणि शेतकरी भूमिहीन होण्याऐवजी भागधारक झाला.

नाशिकने हा प्रयोग करून पाहिला. स्मार्ट सिटी योजनेत मखमलाबाद–हनुमानवाडी शिवारातल्या साडेसातशे एकरांच्या आसपासच्या जमिनीवर नगररचना योजना आखली गेली. ती शेतकऱ्यांच्या विरोधामुळे रखडली. या विरोधाचा दोष शेतकऱ्यांच्या माथी मारणाऱ्यांनी मगरपट्ट्याची गोष्ट पुन्हा वाचावी. तिथे पुढाकार शेतकऱ्यांचा होता, हिशेब त्यांच्याच घरात बसून मांडला गेला होता आणि कोणाला किती मिळणार हे आधी ठरले होते. इथे योजना वरून खाली आली. निम्म्याच्या आसपास जमीन परत मिळणार, पण कुठे, केव्हा आणि तिथपर्यंत रस्ता कधी होणार, याची खात्री नसेल तर द्राक्षबाग पोसणारा शेतकरी सातबारा का सोडील? विश्वास हाही क्रमाचाच भाग आहे. तो नकाशाच्या आधी यायला हवा. लहान, शंभर-दीडशे एकरांची, स्वतःहून तयार असलेल्या मालकांची एखादी योजना आधी पूर्ण करून दाखवली, तर शेजारच्या शिवारातले लोक स्वतः चौकशी करत येतील, असे मला मनापासून वाटते.

जमिनीच्याच ओघात हद्दीचा प्रश्न येतो. नाशिक महापालिका १९८२ मध्ये झाली ती नाशिक, नाशिकरोड–देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून. त्यामुळे औद्योगिक वसाहती आणि जुने शहर एकाच छताखाली आले, हे नाशिकचे भाग्य. पुण्याने १९९७, २०१७ आणि २०२१ अशा टप्प्यांत गावे हद्दीत घेतली. पण प्रत्येक वेळी आधी गावात इमारती उभ्या राहिल्या आणि मागून महापालिका आली. ग्रामपंचायतीच्या काळात झालेल्या बारा-बारा मजली इमारतींच्या मधून जाणारा रस्ता बैलगाडीच्या रुंदीचा असेल, तर नंतर आलेला अभियंता काय करणार? टँकरने पाणी घेणाऱ्या आणि तरीही महापालिकेचा पूर्ण कर भरणाऱ्या रहिवाशांचा संताप समजण्यासारखा आहे. उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावे तर २०१७ मध्ये आत आली आणि पुढे त्यांची वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. नाशिकभोवती गिरणारे, त्र्यंबक रस्ता, विल्होळी, सिन्नरकडची बाजू इथे आज तीच वेळ आहे. महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झालेले आहे. त्याने बाकी काही करण्याआधी पुढच्या ३० वर्षांचे मुख्य रस्ते जमिनीवर दगड रोवून आखून घ्यावेत, एवढे जरी झाले तरी मोठे काम होईल.

कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. उरुळी–फुरसुंगीच्या लोकांनी वर्षानुवर्षे पुण्याचा कचरा अंगावर घेतला, त्यांच्या विहिरी नासल्या, आणि त्यांनी गाड्या अडवल्या तेव्हाच पुण्याला वर्गीकरणाची निकड कळली. दुसऱ्या बाजूने, डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकारातून १९९३ मध्ये संघटित झालेल्या कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या कष्टकऱ्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि तिच्या सदस्या, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, दारोदार जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या. नाशिकची घंटागाडी जुनी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशीच आहे. परंतु कचरा वेचून पोट भरणारी माणसे आपल्याकडे अजून व्यवस्थेच्या बाहेर आहेत, आणि पुण्याकडून निखळ उचलावी अशी एखादी गोष्ट कोणी विचारली, तर मी 'स्वच्छ'चे नाव घेईन.

पाण्याच्या बाबतीत मात्र पुण्याकडे पाहताना जपून राहावे लागेल, कारण दोन्ही शहरांची परिस्थिती मुळात वेगळी आहे. पुण्याच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे आहेत आणि त्यांची एकत्रित क्षमता सुमारे २९ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. नाशिकच्या गंगापूर धरणाची क्षमता साडेपाच टीएमसीच्या आसपास आहे. दारणा आणि मुकणे यांची जोड आहे खरी, पण या सगळ्या पाण्यावर खालच्या मराठवाड्याचाही हक्क आहे. २०१४ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या आदेशानुसार, १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. पुण्याने आधी मुबलक पाणी वापरण्याची सवय लावली आणि नंतर मीटर बसवायला घेतले; आता प्रत्येक मीटरला विरोध होतो. नाशिकला ती चैन परवडणारी नाही. नव्या इमारतीला नळजोडणी देतानाच मीटर बसवला, तर त्याला कोणी विरोध करत नाही, कारण गमावण्यासारखे काही हातात आलेलेच नसते.

आणि शेवटी ओढे. हा विषय मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथे क्रम चुकला की पैशांबरोबर माणसे जातात. पुण्यात कात्रजकडून येऊन सहकारनगर, पर्वतीच्या पायथ्यावरून मुठेला मिळणारा आंबिल ओढा आहे. एरवी नाल्यासारखा दिसतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागांत भिंती कोसळल्या, घरात झोपलेली माणसे वाहून गेली. शहर आणि परिसरात वीसहून अधिक बळी गेले. ओढ्याचे पात्र वर्षानुवर्षे आवळत आले होते. धरण नसलेल्या ओढ्याला पूररेषा आखण्याची तातडी कोणाला वाटत नाही, हे त्यामागचे एक कारण. नदीला मात्र दोन रेषा असतात: सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करू नये आणि निळ्या-लाल रेषांच्या मध्ये अटींवरच करावे, असा त्यांचा अर्थ. तरीही २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली.

नाशिकमध्ये पुराचे माप सांगायला कोणाला क्युसेक लागत नाहीत. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती उभा आहे. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पाणी आले की लोक एकमेकांना विचारतात, मारुतीच्या पायाशी आहे की कमरेला लागले? छातीला लागले म्हटले की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवू लागतात. २००८ आणि २०१६ च्या पुरांत मारुती बुडाला आणि भांडी बाजारापर्यंत पाणी आले. ही मोजपट्टी पिढ्यांनी घालून दिलेली आहे आणि ती आजही चुकत नाही. पण नासर्डी, वाघाडी, वालदेवी यांच्या काठी मारुती नाही. तिथे संरक्षक भिंती पुढे सरकत आहेत, भराव पडत आहेत, आणि 'नदीकिनारी सदनिका' म्हणून फलक लागत आहेत. जुन्या नाशिकच्या पोटातून जाणारा सरस्वती नाला तर झाकूनच टाकला आहे. मोठा पाऊस झाला की तो मेन रोडवर आपली वाट शोधत येतो. या सगळ्या प्रवाहांच्या दोन्ही काठांची मोजणी करून, ओढ्याला किती रुंदी लागते हे ठरवून ते सातबाऱ्यावर चढवणे, हे काम एका पुलाच्या खर्चाच्या तुलनेत नगण्य रकमेत होणारे आहे. आंबिल ओढ्याच्या काठी ते आधी झाले असते, तर त्या रात्री गेलेली कित्येक माणसे आज घरी असती.

नाशिकला पुण्याजवळ नसलेली एक संधी दर बारा वर्षांनी मिळते. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, मलनिस्सारण, शहराभोवतीचा वळणरस्ता या सगळ्यांसाठी एकदम निधी येतो आहे, आणि वर्षानुवर्षे अडलेले भूसंपादनही अशा वेळी हलते. पण पर्वणीची तारीख ठरलेली असते, त्यामुळे कामे तारखेकडे पाहून होतात, क्रमाकडे पाहून नव्हे. याचे उदाहरण शोधायला पुण्याला जाण्याचीही गरज नाही. २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत भाविकांच्या सोयीसाठी रामकुंड परिसरातले गोदावरीचे पात्र काँक्रीटने झाकले गेले, आणि त्याखाली जुनी कुंडे व त्यांचे झरे गाडले गेले. पुढे नागरिकांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि मग त्याच महापालिकेच्या हद्दीत, त्याच पात्रात, तेच काँक्रीट फोडून काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. ज्या भागातला थर निघाला तिथे दगडी कुंडांचे काठ पुन्हा दिसू लागले. बाकीच्या भागात तो थर अजून आहे.